मेढीवरचे चार निळे दोरे

बेबीनंदा निकाळजे कोणतंबी काम पुरं झालं की त्याला दोरा बांधती. बकरीला लस टोचून झाली की शिंगाला दोरा. ज्वारीच्या पोत्यात निंबाचा पाला घालून झाला की पोत्याच्या कानाला दोरा. लेक रूपाली शाळेत होती तेव्हा तिचा पाढा पाठ झाला की वहीच्या शिवणीत दोरा. एकदा जावई जेवून उठला तर शेजारची साळूबाई म्हणाली, "बांध त्याच्या मनगटाला, न्हाईतर इसरून पुन्हा वाढशील." आणि दोरा निळाच पाहिजे. दुसरा रंग तिला चालत न्हाई.

ही खोड तिला क्रॉसिंगनं लावली. जालन्याच्या चहूअंगाला बियाण्याचे प्लॉट आहेत, आणि तिथं बायका जे काम करतात त्याला लहानथोर सगळे क्रॉसिंगच म्हणतात. दिवस कलला की कपाशीची उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्यातले नर सोलून काढायचे, मादी तेवढी ठेवायची. सकाळी पलीकडच्या ओळीतलं नराचं फूल आणून त्याचा पराग तिला लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याच्या बोंडाचं बी खरं. बिनदोऱ्याचं बोंड कितीबी टपोरं असू द्या, सुपरवायझर ते तोडून बांधावर फेकतो. कोणत्या बाईनं कोणतं फूल केलं हे कळावं म्हणून एकेकीचा रंग ठरलेला. साळूबाईचा लाल, बेबीनंदाचा निळा. गाठही तिची वेगळी, दोन वेढे घेऊन आतून उलटी काढलेली, ओढावी तशी घट्ट बसणारी. तीस वर्षांत तिनं अशा किती गाठी मारल्या त्याची गिणती न्हाई. सोडली मात्र एकबी न्हाई. क्रॉसिंगचा दोरा सोडायचा नसतो.

नवरा शिवाजी एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होता. बारा वर्षांमागं छातीच्या दुखण्यानं गेला. बेबीनंदानं रडायचं तेवढं रडून घेतलं आणि दहाव्या दिवशी कमरेला दोऱ्याची गुंडी खोचून प्लॉटावर गेली. लोकांनी नाकं मुरडली. ती म्हणाली, "फुलं काय माह्यासाठी सुतकात बसत न्हाईत."

तिचं गाव घोडेपिंपरी, दुधनेच्या काठाला. काठाला म्हणजे गाव उंचावर आणि बौद्धवाडा उताराला. ज्यांनी जुन्या काळी गाव बसवलं त्यांना पाणी कोणीकडं वाहतं हे बराबर ठाऊक होतं. वाड्यात बत्तीस घरं, त्यातलं शेवटचं बेबीनंदाचं. तिच्या न्हाणीतलं पाणी दुसऱ्या कोणाच्या दारावरून जात न्हाई, सरळ नदीत.

तशी ही दुधना काही मिजासखोर नदी न्हाई. वर्षातले सात-आठ महिने तिच्या पात्रात बकऱ्या चरतात. बेबीनंदा सासरी आली तेव्हापासून नदीची आणि तिची ओळख, एकमेकीच्या वाटेला न जाणारी. पण इकडच्या पाच-सहा वर्षांत नदीचं वागणं बिघडलं. मिरग जातो, आर्द्रा जाते, आभाळ नुसतं पांढरं. आधी पराग अकरा वाजेलोक टिकायचा, आता नवालाच करपतो. आणि मग भादव्याच्या शेवटाला, सोयाबीन काढणीला आलं की चार महिन्यांचा पाऊस दोन दिवसांत. वाड्यातला धम्मपाल शाळेवर मास्तर आहे. तो ह्याला हवामान बदल म्हणतो, फळ्यावर लिहूनबी दाखवतो. बेबीनंदा म्हणती, "आभाळाचा सुपरवायझर बदलला."

एकवीस साली पाणी पहिल्यांदा घरात शिरलं. घराच्या मधोमध आढं तोलणारी निंबाची मेढ आहे, तेव्हा नवीकोरी बसवलेली. पाणी ओसरलं तर मेढीवर गाळाची ओली रेघ, घोट्याच्या थोडी वर. बेबीनंदाच्या कमरेला गुंडी होतीच. तिनं रेघेवर दोरा बांधला. काहून बांधला असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पूर आला, गेला, काम झालं. बावीसला दोरा गुडघ्याखाली बांधला. चोवीसला मांडीला. चुलीच्या धुरानं मेढ काळी होत गेली, दोरे मळत गेले, आणि उशाला रोज दिसणारी वस्तू जशी दिसेनाशी होते तसे तेबी दिसेनासे झाले.

पंचवीस सालचा पूर कमरेच्या वर आला. भर दिवसा, दहा वाजता. बायका-लेकरं, बकऱ्या, म्हातारी माणसं सगळी वरच्या शाळेत गेली. धम्मपालनं विहारातला ग्रंथ मेणकापडात गुंडाळला आणि डोक्यावर धरून, छातीइतक्या पाण्यातून शाळेत आणला. तिसऱ्या दिवशी माणसं परत आली तर वाड्यात घरं होती पण जमीन न्हाई, सगळा गाळ. विहाराचं दार अर्ध्यापर्यंत गाळानं बुजलेलं. बेबीनंदाची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती, डोळा लावला तर नदी दिसायची. कणीक, डाळ, गोधड्या, शिवाजीचा फोटो, सगळं एका रंगाचं झालं होतं. तिनं मेढीला चौथा दोरा बांधला. मग पदर खोचला.

धम्मपालनं सगळ्यांना विहारापुढं उभं केलं.

"कोणीबी गाळाला हात लावू नका. पंचनामा होईलोक जसं हाय तसं दिसलं पाहिजे. वरच्या माळावर गायरानात जागा द्यायचं चाललंय. ज्याचं घर राह्यच्या लायक न्हाई त्याचं नाव यादीत, अन् यादीत नाव त्यालाच प्लॉट. कळलं का? झाडूबी मारू नका."

"मंग झोपावं कुठं?" साळूबाईनं विचारलं.

"शाळेत."

"लेकरं गणितं करून राह्यली तिथं. आपल्यालाबी बसवतील."

हसून झालं. सगळ्यांना पटलं. बेबीनंदालाही पटलं. पण अडचण अशी होती की आश्विन पौर्णिमा दहा दिवसांवर आली होती.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास लागतो. तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात ग्रंथवाचन, कोणी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि आश्विन पौर्णिमेला समारोप, खीर, वंदना. घोडेपिंपरीत हे तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून कधी चुकलं नव्हतं. दुष्काळातबी टँकरच्या पाण्याची खीर झाल्ती. यंदा विहारात गाळ. वाड्यात कोणाच्याच घरात पाट टेकवायला कोरडी जागा न्हाई. ग्रंथ तेवढा कोरडा, शाळेच्या कपाटात, खडूच्या डब्यांमध्ये.

"शाळेतच करू समारोप," धम्मपाल म्हणाला.

बेबीनंदाला ते रुचलं न्हाई. "आपला ग्रंथ आपल्या वाड्यात का न्हाई? माह्या घरात भिंती पाडून खोल्या केलेल्या न्हाईत. एकच लांब खण. बत्तीस घरं बसतील."

"मावशी, पंचनामा व्हायचाय."

"तो यील तवा यील. पुनव थांबती का?"

"मंग गाळातच बसू. समजून घेतील."

"अन् ग्रंथ? तोबी गाळात ठिवतो?"

बेबीनंदानं त्याच दुपारी फावडं हातात घेतलं. पहिल्या दिवशी साळूबाई आणि चौघी जणी मदतीला आल्या, नंतर ज्या त्या आपापल्या उघड्या पडलेल्या संसाराकडं गेल्या. बेबीनंदा एकटी लागली. पाच दिवस गाळ काढला. तडकलेल्या भिंतीत चिखल आणि भुसा कालवून भरला, वरून लिंपलं. जमीन दोनदा सारवली. मेढीला गोडं तेल चोळलं, दोऱ्यांच्या आजूबाजूनं, दोरे न हलवता. आणि शेवटी चुना कालवला, त्यात नीळ टाकली, आणि चारी भिंतींना असा हात दिला की बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे मिटावेत.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तलाठी आला. भला पोरगा होता, पण दमला होता. सकाळपासून एकतीस घरं करून त्याच्या बुटात गाळ भरलेला. प्रत्येक घरात तो तसाच शिरला होता, कारण आत आणि बाहेर एकच होतं. बेबीनंदाच्या उंबऱ्यापाशी मात्र तो थबकला, खाली बघितलं, आणि बूट काढून आत आला.

"हे तुमचं घर, मावशी?"

"माह्यंच. बसा, चहा टाकते."

तो बसला. चहा प्याला. दिवसभरात त्याला पहिल्यांदाच कोरड्या जागी टेकायला मिळालं होतं. मग फोटो काढायला उठला तर बेबीनंदा म्हणाली, "थांबा सायेब, दोन मिंटं." न्हाणीत जाऊन वंदनेचं पांढरं लुगडं नेसून आली. पांढऱ्या भिंतीला पाठ लावून, हात जोडून, हसून उभी राह्यली.

"लई नीटनेटकं ठेवलंय हो घर," तलाठी म्हणाला आणि कागदावर लिहिलं: घर सुस्थितीत, राहण्यायोग्य.

शाबासकी भेटली असं तिला वाटलं. तो बूट घालायला गेला तर तिनं ते आधीच धुऊन उन्हात ठेवले होते.

समारोप चांगला झाला. पांढऱ्या भिंतींमध्ये बत्तीस घरं दाटीवाटीनं बसली, धम्मपालनं शेवटचं पान वाचलं, खीर झाली. घरी जाताना प्रत्येक बाईनं बेबीनंदाच्या भिंतीला हात लावून बघितला.

यादी वीस दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. बेबीनंदा सातवी शिकलेली, बोट ठेवून वाचती. तिनं वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. एकतीस नावं होती. साळूबाई कडूबा मगरे अकरावी होती. निकाळजे नव्हती.

"नीट पाह्य," साळूबाई म्हणाली. "मागच्या पानावर आसंल."

"मागं भिंत हाय."

साळूबाईला गप बसणं जमत न्हाई. ती म्हणाली, "लोक सरकारला चुना लावतेत, बेबे. तुवा घराला लावला."

बेबीनंदा हसली. साळूबाईला वाटलं, झालं, घेतलं तिनं हसण्यावारी. पण त्या दिवशी प्लॉटावर बेबीनंदाच्या ओळीतली सात फुलं बिनदोऱ्याची राह्यली. साळूबाईनं ती पाहिली, आणि आपल्या लाल दोऱ्याऐवजी बेबीनंदाच्या गुंडीतला निळा दोरा मागून घेऊन त्यांना बांधला.

जे होणार होतं ते सरळ दिसत होतं. एकतीस घरं माळावर जाणार. विहार माळावर जाणार, ग्रंथ जाणार, हातपंप आणि लाइटचा खांब जाणार. खाली नदीच्या कडेला एक पांढरं घर राहणार, आणि पुढच्या भादव्यात शाळेत पळायला तिच्यासोबत साळूबाई नसणार. रूपालीचा नवीन जालन्यातून फोन आला. तिचा नवरा बियाण्याच्या कंपनीत हिशोबाला, भाड्याच्या दोन खोल्या स्टेशनापलीकडं.

"आई, तू इकडंच ये. काय ठेवलंय तिथं?"

"चार दिस येते."

"चार दिस न्हाई, कायमची ये."

"कायमची पावणी कोणी असती का, रूपे? तुही सासू यील तवा म्या कुठं बसू, गॅलरीत?"

पांढऱ्या घराचं सुख सगळ्या वाड्यानं घेतलं होतं, हे धम्मपाल विसरला नव्हता. त्यानं एकतीस घरांच्या सह्या-अंगठे घेऊन तहसील कचेरीत अर्ज केला. अर्ज परत आला. कोणी वाईट बोललं न्हाई. सायबांनी फक्त मोबाइल पुढं केला आणि फोटो दाखवला. पांढरी भिंत, पांढरं लुगडं, हसतमुख बाई. खाली तारीख, वेळ. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते, त्यातले नऊ गेले होते.

मग धम्मपालनं तिला मोटारसायकलवर बसवून जालन्यात मस्तगडला नेलं. तिथं अरुंधती सेलूकर नावाच्या वकीलबाई राहतात. घर त्यांचं तीन पिढ्या जालन्यातलं, खाली बैठकीत ऑफिस. गरिबाची केस असली की मोफत चालवतात आणि वर चहाही पाजतात, त्यामुळं बैठकीत कायम गर्दी.

त्यांनी फोटो पाहिला.

"मावशी, हा फोटो बघून तर मलाच तुमच्याकडं राहायला यावंसं वाटतंय."

"या की. खिरीला यायचं व्हतं."

"तुम्ही पंचनाम्याच्या आधी चुना का लावलात?"

बेबीनंदानं पौर्णिमेचं सांगितलं. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. मग कायदा काय आहे तो त्यांनी सरळ सांगितला.

"बघा. धरण बांधलं आणि तुमचं गाव पाण्यात गेलं, तर तुम्ही धरणग्रस्त. त्याला कायदा आहे. दाखला मिळतो, पर्यायी जमीन मागता येते, पोराला नोकरीत जागा मागता येते. न्यायालयात उभं राहून म्हणता येतं, हा माझा हक्क आहे. पण तुमचं घर ढगाच्या पाण्यानं गेलं. एका वर्षाचा पूर असला तर मदत असते, तात्पुरती. पण पाणी दरवर्षी येऊन राहिलं आणि त्यामुळं माणसाला गावच सोडावं लागलं, तर त्या माणसाला कायद्यात नावच नाही."

"म्हंजी पाणी तेच."

"पाणी तेच."

"सरकारनं आडवलं तर हक्क, अन् आभाळानं सोडलं तर नशीब."

"साधारण तसंच."

"मंग ढगावर टाका केस."

"समन्स कुठं पाठवू, मावशी? ढगाचा पत्ता द्या."

"भादव्यात आमच्या घरी असतो," बेबीनंदा म्हणाली. रांगेत बसलेले पक्षकारबी हसले.

वकीलबाई हसल्या न्हाईत, त्या लिहीत होत्या. "तुमच्या माळावरचा प्लॉट हा कायद्यातला हक्क नाही, शासनाचा निर्णय आहे. म्हणून यादी हेच सगळं. यादीत नाव असलं तर पुढं काही मागायला तोंड राहतं. नसलं तर तुम्ही कोणीच नाही, ना पूरग्रस्त, ना गावातून उठलेल्या. आपल्याला एवढंच दाखवायचंय की पाणी एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी वाढतं. सह्या आहेत, पण सह्या माणसं प्रेमानंही देतात. घरात काही खूण राहिलीय का? भिंतीवर पाण्याचा डाग?"

"डाग म्या पुसले," बेबीनंदा म्हणाली. "चांगले घासून."

रविवारी वकीलबाई घोडेपिंपरीला आल्या. रिक्षातून उतरल्या, वाड्यातून चालत शेवटच्या घरी आल्या. आत भिंती न्याहाळल्या, मागं जाऊन लिंपलेली भेग बोटानं चाचपली. तिच्यावरून काही सिद्ध होईना, बेबीनंदाचं लिंपण पक्कं होतं. थकून त्या मेढीला टेकून बसल्या. पाण्याचा तांब्या घेताना त्यांचा हात मेढीवर गेला.

"हे काय आहे?"

"दोरे."

"ते दिसतंय. कशाचे?"

"पुराचे."

दारात उभ्या साळूबाईनं कपाळावर हात मारला. वकीलबाई तांब्या खाली ठेवून गुडघ्यावर बसल्या आणि एकेक दोरा बघू लागल्या. खालचा राखेच्या रंगाचा झाला होता. त्याच्या वरचा मळका. तिसऱ्यात निळ्याची झाक. चौथा कालच्यासारखा.

"हे तुम्ही मला मस्तगडला का नाही सांगितलं?"

"तुमी डाग इचारले," बेबीनंदा म्हणाली. "दोरे कोण इचारतं?"

हरकत मुदतीच्या शेवटच्या दिवशी लागली. फेरपाहणीला मंडळ अधिकारी स्वतः आले, सोबत तोच तलाठी. अधिकारी पन्नाशीचे, कागदाला सरावलेले. वाडा सगळा दारात जमला. वकीलबाईंनी मेढ दाखवली. अधिकाऱ्यांनी खाली वाकून बघितलं आणि सरळ झाले.

"मॅडम, तुमचा मान राखून बोलतो. दोरा काय, कालबी बांधता येतो. चिखलात बुडवला की जुना."

धम्मपाल काही बोलायला पुढं झाला. बेबीनंदानं हातानंच त्याला थांबवलं. ती मेढीपाशी खाली बसली, सगळ्यात खालच्या दोऱ्यापाशी. गाठ चिमटीत धरून बघितली. आलेल्यांना कळेना ती काय करून राह्यली. साळूबाईला मात्र कळलं, आणि ती आत येऊन जवळ उभी राह्यली.

"विळी आणू का, बेबे?"

"कापायचा न्हाई. सोडायचाय."

तीस वर्षांत तिनं गाठ कधी सोडली नव्हती. चार वर्षांचा धूर, तेल, गाळ पिऊन ही तर दगड झाली होती. बेबीनंदानं अंगठ्याचं नख लावलं, तेच नख, ज्यानं ती कळीतले नर मादीला न दुखवता सोलती. आतली उलटी काढलेली सर तिनं आधी सैल केली, मग दुसरा वेढा, मग पहिला. घाम तिच्या कपाळावरून मेढीवर ठिबकत होता. दोरा सुटला.

त्याच्याखाली मेढीला एक बारीक गोल रेघ होती, लाकडाच्या मूळ रंगाची. वर-खाली सगळं धुरानं काळं, मधी तेवढं तळहातासारखं पिवळट. चार वर्षं त्या जागेला धूर लागलाच नव्हता.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. रेघेवर बोट फिरवलं, बोट बघितलं. मग तलाठ्याकडून टेप घेतला. जमिनीपासून पहिली रेघ, दुसरा दोरा, तिसरा, चौथा. आकडे मोठ्यानं सांगत गेले, तलाठी लिहीत गेला.

"बाकीचे सोडू का, सायेब?" बेबीनंदानं विचारलं.

"नको, मावशी. बास."

कागद लिहून झाला. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवला: मेढीवरील खुणांवरून सदर घरात पाच वर्षांत चार वेळा पुराचे पाणी शिरल्याचे व पाण्याची पातळी दर वेळी वाढल्याचे दिसून येते, सबब घर राहण्यास असुरक्षित आहे. सही कुठं करायची ते दाखवलं.

"आणखी एक लिहा," बेबीनंदा म्हणाली.

"काय?"

"चुना म्या लावला व्हता. ह्या लेकराची चूक न्हाई. त्याला जे दिसलं ते त्यानं लिव्हलं."

तलाठ्यानं मान खाली घातली. त्या दिवशीही तो बूट बाहेर काढूनच आला होता.

"भिंत रंगवायची एवढी काय घाई होती, मावशी?" अधिकाऱ्यांनी विचारलं, पण आता आवाज कागदाचा नव्हता.

"ग्रंथ ठिवायचा व्हता."

ते गेल्यावर तिनं सुटलेला दोरा जमिनीवरून उचलला आणि त्याच पिवळ्या रेघेवर, त्याच गाठीनं परत बांधला. साळूबाई म्हणाली, आता काय उपयोग. बेबीनंदा म्हणाली, जागा त्याची हाय.

सुधारित यादी लागली तेव्हा बत्तिसावं नाव बेबीनंदा शिवाजी निकाळजे. ह्या खेपेला तिनं एकदाच वाचलं. वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच बजावलं, हा नुसता यादीतल्या ओळीचा मान आहे, उद्या निर्णय फिरला तर भांडायला कायदा अजून नाही. त्यांनी एक मोठा अर्ज वरच्या कोर्टासाठी तयार करायला घेतला होता, की पाण्यानं आणि उन्हानं गावं सोडावी लागणाऱ्यांनाही धरणग्रस्तासारखा दाखला मिळावा. पुराव्यात मेढीचा फोटो जोडणार होत्या.

"त्यात म्या दिसते का?" बेबीनंदानं विचारलं.

"नाही, नुसती मेढ."

"बराबर. माह्या फोटोनं लई घोटाळा होतो."

जानेवारीत माळावर आखणी झाली. गायरानात खडे वेचून, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून, कोपऱ्याकोपऱ्याला खुंट्या ठोकल्या. बेबीनंदा आणि साळूबाई बियाण्याच्या प्लॉटावरून परस्पर तिकडं गेल्या. वारा लई होता. तिथून दुधना दिसत होती, खाली, कोरडी, तिच्यात बकऱ्या चरत होत्या. बेबीनंदाचा प्लॉट साळूबाईच्या शेजारी आला होता. तो कसा आला हे धम्मपाललाच विचारावं लागेल, चिठ्ठ्या त्यानंच काढल्या होत्या.

साळूबाई आपल्या रेघेच्या आत जाऊन बसली, घरात बसल्यासारखी. "इथं चूल. इथं दार. अन् तुह्या भिंतीला भिंत, म्हंजी उठून ओरडायचं काम न्हाई."

"माह्या भिंतीपासून चार फूट सोड. तू घोरती."

"अन् घर बांधलं की पहिलं काय करशील? चुना?"

"पहिलं तलाठ्याला बोलावीन," बेबीनंदा म्हणाली. "त्यानं लिव्हलं की मंग चुना."

ती खुंटीपाशी वाकली, हलवून बघितली, घट्ट होती. साळूबाईनं तिच्या कमरेच्या गुंडीकडं बोट केलं.

"बांध की एक. खुंटीला."

बेबीनंदाचा हात गुंडीवर गेला होता. तिनं तो काढून घेतला.

"काहून? काम कुठं पुरं झालंय," ती म्हणाली, आणि गुंडी नीट खोचून, फक्कीची रेघ न पुसता, दाराच्या जागेतून बाहेर आली.